आंबेनळी घाटातून खाली, साडेसहा कोटी वर्षं मागे

आर्थर सीटच्या कठड्याशी उभं राहून तुम्ही फोन काढता. नोव्हेंबरातली सकाळ आहे. सावित्रीच्या खोऱ्यातलं धुकं अजून पुरतं उठलेलं नाही, आणि तुमच्या हातातली वस्तू खायची आहे की कसं याचा अंदाज एक माकड घेतंय. फोन घट्ट धरा आणि रॉक्ड नावाचं ॲप उघडा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या मॅक्रोस्ट्रॅट या गटानं ते केलंय. त्यांनी जगभरचे भूशास्त्रीय नकाशे एकत्र जोडलेत. तुम्ही जिथे उभे आहात तिथल्या मातीखाली कुठला कातळ आहे आणि तो किती जुना, एवढं ते सांगतं.

ठिपका म्हणजे तुम्ही. ठिपक्याखाली एक रंग, आणि रंगाचा अर्थ असा काहीसा: दख्खनचा लाव्हा, बेसाल्ट, क्रिटेशस युगाचा शेवट ते पॅलिओसीनची सुरुवात. दोन बोटांनी नकाशा लहान करा. साताऱ्यावर तोच रंग. पुणं, नगर, बीड, अकोला, तोच रंग. पूर्वेला नागपूरच्या वेशीपर्यंत तोच, उत्तरेला नर्मदा ओलांडून माळव्यात तोच, सौराष्ट्रातही तोच. झीज होऊन आज जे उरलंय तेच सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर भरतं. ब्रिटनमध्ये तिथल्या भूशास्त्र खात्याचा नकाशा उघडून कुणी गाडीनं निघालं, तर तासाभरात चुनखडी, वाळूखडक, कोळशाचे थर असे रंग पालटत जातात. आपल्याकडचा माणूस एकदा ॲप उघडतो, एकच रंग बघतो आणि परत क्रिकेटचा स्कोअर लावतो.

त्याचं फारसं चुकत नाही. पण आता मान वर करा. समोरच्या कड्यावर आडव्या रेघा आहेत. एक काळा ताशीव पदर, त्याखाली गवताची अरुंद पट्टी, पुन्हा काळा पदर, पुन्हा पट्टी, असं पार खोऱ्याच्या तळापर्यंत. नकाशा वरून बघतो, म्हणून त्याला सगळ्यात वरचा पदर तेवढा दिसतो. महाराष्ट्राचा काळ आडवा पसरलेला नाही, तो उभा रचलाय. इथे मागच्या काळात जायचं तर उतरावं लागतं. तेव्हा ॲपमधला रंग विसरा आणि फोनमधला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आकडा बघत चला. महाबळेश्वरपासून पोलादपूरपर्यंत तो आकडा बाराशेहून जास्त मीटरनं घसरणार आहे. नकाशा मात्र इथेच उघडून ठेवा, घाटात रेंज जाते.

निघण्याआधी आणखी एक खेळ. याच ॲपमध्ये तुमचा ठिपका जुन्या पृथ्वीवर कुठे होता हे दाखवणारा नकाशा आहे. काळ मागे ओढलात की ठिपका दक्षिणेला घसरू लागतो. हिमालय सपाट होतो, आशियाशी असलेला सांधा सुटतो, भारत एकटा समुद्रात उरतो, विषुववृत्त वर निघून जातं. साडेसहा कोटी वर्षांवर थांबलात तर महाबळेश्वर दक्षिण गोलार्धात, आज रियुनियन बेट आहे साधारण त्या भागात आलेलं असतं. हे कुणाला कसं कळलं? याच काळ्या कातळातून. लाव्हा थिजताना त्यातल्या लोहखनिजाच्या बारीक कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेनं वळतं आणि तसंच राहतं. चुंबकीय रेषेचा जमिनीकडचा कल अक्षांशागणिक बदलतो, म्हणून तो कल मोजला की खडक कुठल्या अक्षांशावर थिजला ते कळतं. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी १९५६ मध्ये दख्खनच्या बेसाल्टची अशी मोजमापं प्रसिद्ध केली. भारत दक्षिणेकडून इथवर आलाय असा त्यांचा अर्थ निघत होता. खंड सरकतात यावर त्या काळी बहुतेक भूशास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. फोनच्या पडद्यावर लीलया घसरणाऱ्या ठिपक्यामागे सह्याद्रीच्या दगडाची ही साक्ष आहे.

चला.

पठारावरून निघताना पायाखाली अजून बेसाल्ट नाहीच. हा जांभा. तांबडा, छिद्राछिद्रांचा, हाताला खरखरीत. लाव्हाचे उद्रेक थांबले त्यानंतर कोट्यवधी वर्षं वरच्या पदरावर ऊनपाऊस पडत राहिला. पावसानं विरघळण्यासारखं सगळं धुऊन नेलं आणि लोखंड-ॲल्युमिनिअम तेवढं मागे उरलं. वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस आजही इथे पडतो, तो या जांभ्यात मुरतो आणि खालच्या घट्ट कातळावर अडून बाहेर येतो. क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात पाच नद्यांचं पाणी एकत्र वाहताना बघून हात जोडता, त्या पाण्याची वाट ही अशी आहे.

आता काळ उलटा सोडा. जांभ्याचा तांबडा रंग उतरतो आणि दगड काळा होत जातो. सावित्रीचं खोरं बुजू लागतं. पाण्यानं वाहून नेलेला एकेक कण परत येऊन आपल्या जागी बसतो. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला सरकू लागतो, कारण तो झिजत झिजत पश्चिमेकडूनच इथवर मागे हटलाय. कोकण दिसेनासं होतं. तुम्ही समुद्र शोधता, पण मुंबईच्या दिशेलाही समुद्र नाही. तिथे जमीनच आहे, आणि त्या जमिनीला पुढे सेशेल्स म्हणतील. तो तुकडा भारतापासून तुटायला अजून वेळ आहे.

६ कोटी ५५ लाख वर्षं मागे. थांबा.

डोंगर नाही, दरी नाही. क्षितिजापर्यंत सपाट, काळीभोर जमीन. डोळ्यांत आणि घशात गंधकाची आग होते. ज्वालामुखी म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर टोकदार शिखर आणि त्यातून उडणारे निखारे येतात. ते इथे शोधू नका. इथे जमिनीला किलोमीटरच्या किलोमीटर लांब भेगा पडतात आणि लाव्हा त्यांतून शांतपणे वर येऊन पसरतो. त्या भेगांमध्ये थिजून राहिलेला लाव्हा आज धुळे-नंदुरबारकडे आणि कोकणात काळ्या भिंतींसारखा जमिनीतून वर आलेला दिसतो.

तुमच्या पुढ्यात जे चाललंय ते मात्र जवळून बघा. लाव्हाची एक जीभ, गुडघ्याएवढी उंच, हळूहळू पुढे येते. बाहेर पडल्या पडल्या तिच्यावर काळी, चकाकती कातडी धरते, तापवलेल्या दुधावर साय धरावी तशी. आत ११०० अंशांहून जास्त उष्णतेचा लाव्हा वाहतोय आणि साय त्याला झाकून ऊब राखते. मागून लाव्हाचा रेटा आला की साय फाटत नाही, अख्खी जीभ फुगते. काही दिवसांनी तिची उंची माणसाएवढी होते, मग घराएवढी. या युक्तीमुळेच लाव्हा न थिजता इतक्या लांब जाऊ शकला. किती लांब? आंध्रात गोदावरीच्या काठी राजमहेंद्रीजवळ बेसाल्टचे थर आहेत. त्यांचं रसायन सह्याद्रीतल्या आंबेनळी आणि महाबळेश्वर या थरगटांशी, म्हणजे लाव्हाच्या थरांच्या गटांशी, जुळतं. मध्ये सुमारे हजार किलोमीटरचं अंतर आहे. पृथ्वीवरचे सगळ्यात लांब गेलेले लाव्हाप्रवाह हेच असावेत असं काही अभ्यासक मांडतात.

जिभेतले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि सायीखाली अडकतात. जीभ थिजली की बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. पुढे लाखो वर्षं त्यांतून कोमट पाणी झिरपेल आणि त्यात पांढरे झिओलाइट भरतील. आजच्या घाटात परत येऊन रस्त्याच्या कापलेल्या दरडीत बघा. खालचा कातळ गच्च, एकसंध. वर सरकावं तसा तो पांढऱ्या ठिपक्यांचा होत जातो. एखाद्या ठिपक्याच्या कडेला हिरवा पापुद्रा असतो आणि आत सुया उभ्या राहिल्यासारखे स्फटिक. विहीर खणणारे या ठिपक्यांच्या दगडाला मांजऱ्या म्हणतात आणि त्याखालच्या गच्च कातळापाशी आले की सुरुंगाची भाषा सुरू करतात. एका प्रवाहाची वरची आणि खालची बाजू अशी बोटानं दाखवता येते.

पहिली काही वळणं उतरलात. आता फोनमधलं होकायंत्र उघडा. आजच्या घाटात ते उत्तर दाखवतंय. काळाच्या प्रवासात मात्र इथे कुठेतरी बाण डगमगू लागतो, काही हजार वर्षं त्याला दिशाच सापडत नाही, आणि मग तो दक्षिणेकडे तोंड करून स्थिर होतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अधूनमधून उलटतं. महाबळेश्वरचे सगळ्यात वरचे थर थिजले तेव्हा ते आजच्यासारखं होतं, त्याखालचे थिजले तेव्हा उलटं. हा पालट सुमारे ६ कोटी ५७ लाख वर्षांपूर्वीचा. डोळ्यांना दोन्ही कातळ सारखेच काळे दिसतात, पण प्रयोगशाळेतल्या यंत्राला फरक कळतो.

इथे एक हिशेब करायचा मोह होतो. बाराशे मीटर जाडी आणि सहाएक लाख वर्षं, म्हणजे एका मीटरला पाचशे वर्षं. उंचीचा आकडा एकानं कमी झाला की शिवकालाहून मागे गेलात. हिशेब बरोबर आहे आणि उत्तर फसवं. एक प्रवाह तीस मीटर जाड असेल, पण तो काही वर्षांत, फार तर काही दशकांत पसरून थिजलाय. म्हणजे तीस मीटर उतरलात तरी काळ जागचा फारसा हलत नाही, आणि मग एका पावलात हजारो वर्षं निघून जातात. ते पाऊल कुठलं?

वाडा कुंभरोशीच्या आसपास, प्रतापगडाचा फाटा येतो त्या भागात, गाडी कडेला लावा. सुट्टीचा दिवस असेल तर गडाकडे जाणाऱ्या गाड्यांची रीघ असते. त्यातला कुणी दरडीकडे बघत नाही. सगळे १६५९ मध्ये जायला निघालेत, त्यांच्या दृष्टीनं तेच मागे जाणं. तुम्ही दरडीसमोर बसता. वर काळा कातळ, खाली काळा कातळ, आणि मध्ये वीतभर ते हातभर जाडीची विटकरी तांबडी पट्टी. नखानं खरवडली तर भुगा निघतो. वरच्या कातळाला लागून असलेली पट्टीची कड भाजल्यासारखी. पट्टीच्या वरच्या कडेनं पाणी पाझरतंय आणि तिथे ओळीनं नेचे उगवलेत.

"काय बघताय पाव्हणं? जनावर हाय का?"

चहाच्या टपरीवरचे काका पाठीशी येऊन उभे राहिलेत.

"काही नाही काका, दगड."

"दगड काय बघायचा! बघायचं तर पाणी बघा. ह्या तांबड्या पट्टीवरनंच येतंय समदं. चैतापातुर आटत न्हाई. हिच्याखाली कितीबी खणा, कोरडं."

काकांनी भूजलशास्त्राचा एक धडा दोन वाक्यांत संपवला. तांबडी पट्टी चिकणमातीची असते आणि पाणी खाली जाऊ देत नाही, म्हणून वरच्या कातळाच्या भेगांतून उतरलेलं पाणी तिच्यावरून आडवं वाहत झऱ्याला लागतं. सह्याद्रीतल्या कितीतरी वाड्या अशा पट्ट्यांच्या आधारानं वसल्यात.

भूशास्त्रज्ञ या पट्टीला रेड बोल म्हणतात. तिच्यात उतरा. काळ ६ कोटी ५९ लाखांच्या आसपास कुठेतरी. मघाचा लाव्हा नाही, गंधक नाही. पाऊस पडतोय. पायाखालची जमीन अजून काळीच, पण खड्ड्याखड्ड्यांत तांबडा गाळ साचू लागलाय. शंभर वर्षं जातात. गाळात शेवाळं, मग नेचे. हजार वर्षं जातात. कुठे डबकी होतात. पूर्वेला, नागपूरकडे, अशा शांततेत मोठी तळी साचली. त्यांतल्या शंखगोगलगायी, मासे, ताडवर्गी झाडांची खोडं आज दोन लाव्हांमधल्या थरांतून दगड होऊन निघतात. इथे तेवढं काही टिकलं नाही, फक्त माती. तुम्ही उभे राहता आणि काहीच घडत नाही. या प्रवासातला सगळ्यात लांब मुक्काम हाच. गाईडबुकात ज्याला 'महाप्रचंड उद्रेकांचा काळ' म्हणतात त्यातला बराचसा असा पावसात भिजत गेला. मग एका दिवशी पश्चिमेला आभाळ लाल होतं, पुढचा लाव्हा येतो आणि वीतभर मातीला भाजून वर बसतो.

म्हणजे काळ कातळात थोडा आणि कातळांमधल्या सांध्यात फार. ॲपला हे दाखवता येत नाही. वीतभर पट्टी कुठल्या नकाशावर काढणार?

गंमत अशी, की अलीकडे दख्खनचं घड्याळ लावलं गेलं तेही याच मातीवरून. बेसाल्टमध्ये झिरकॉन हे खनिज जवळजवळ नसतंच. झिरकॉन असेल तर त्यातल्या युरेनिअमचं शिसं किती झालं हे मोजून फार नेमकं वय काढता येतं. दोन प्रवाहांमधल्या शांत काळात कुठल्या तरी स्फोटक ज्वालामुखीची राख उडून या मातीवर पडली होती आणि त्या राखेत झिरकॉनचे कण होते. प्रिन्स्टनच्या ब्लेअर शोएन यांच्या गटानं घाटाघाटांतून तांबडी माती उचलली आणि तिच्यातले कण वेचले. त्याच वेळी कोर्टनी स्प्रेन आणि त्यांचे सहकारी दुसऱ्या पद्धतीनं, लाव्हातल्याच फेल्स्पारच्या स्फटिकांतला आर्गॉन मोजून, तेच घड्याळ लावत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये 'सायन्स'च्या एकाच अंकात दोघांचे निष्कर्ष छापून आले. सगळा खेळ दहाएक लाख वर्षांत आटोपला यावर दोघांचं एकमत. पण शोएन म्हणतात लाव्हा चार ठळक उसळ्यांमध्ये आला, आणि स्प्रेन यांना तो बराचसा सलग आलेला दिसतो. दोघांचं पटत नाही ती दुसरी बाब जास्त महत्त्वाची आहे, आणि तुमचा रस्ता आता तिच्याकडेच निघालाय.

काकांचा चहा घ्या. पुढे वळणं तीव्र आहेत.

उतरता उतरता एक वाक्य मनात ठेवा: डायनोसॉर मेले ती वेळ या घाटाच्या खालच्या भागात कुठेतरी आहे. कुठे, यावरच वाद. स्प्रेन यांच्या मते ती घाटातल्या सगळ्यात खालच्या, पोलादपूरच्या थरगटाच्या तळाशी येते, म्हणजे जवळजवळ सगळा घाट त्या घटनेनंतरचा. शोएन यांच्या मते पोलादपूरचा मोठा उद्रेक त्याआधी काही दहा हजार वर्षं सुरू झाला होता. पहिलं खरं असेल तर उल्केचा आघात आधी आणि हा लाव्हा नंतर. दुसरं खरं असेल तर लाव्हानं वातावरण आधीच बिघडवलेलं होतं. डायनोसॉरच्या खुनाच्या खटल्यात सह्याद्री आरोपी आहे की साक्षीदार, हे घाटातल्या काही शे मीटरवर ठरायचंय. मला विचाराल तर अमेरिकी वाहिन्यांवर उल्केचा भाव जरा जास्तच वधारलाय. आमच्या बाजूच्या आरोपीलाही न्याय्य सुनावणी मिळायला हवी.

तोवर तुम्ही स्वतःच बघा. ६ कोटी ६० लाख वर्षं, आणि सकाळ. तुम्ही पुन्हा एका काळ्या सपाटीवर आहात. पूर्वेला, लाव्हा अजून पोचला नाही अशा मैदानांत, लांब मानेचे प्राणी चरतात. चंद्रपूर जिल्ह्यात डोंगरगावच्या टेकडीजवळ ज्याची हाडं निघाली तो आयसीसॉरस त्यांच्याच कुळातला. पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, मेक्सिकोतल्या आजच्या युकातानमध्ये, दहाएक किलोमीटर रुंदीची उल्का आदळते. तुम्हाला इथे काही दिसत नाही, ऐकूही येत नाही. वीस मिनिटांच्या आत पायांना एक हलकी थरथर जाणवते, त्यानंतर बऱ्याच वेळानं मोठे हेलकावे येतात. या हेलकाव्यांनीच दख्खनखालच्या शिलारसाला वाट मोकळी करून दिली असावी, असा एक तर्क मांडला गेलाय. सिद्ध झालेला नाही. मग आभाळ मळतं, दुपारीच अंधारून येतं आणि गारठा पडतो. अनेक महिने सूर्य नीट दिसत नाही.

घाटात या दिवसाची रेघ शोधू नका. इटलीत, डेन्मार्कमध्ये ज्या पातळ मातीच्या थरात इरिडिअम सापडतं तसा थर इथल्या दरडीत बोट ठेवून दाखवता येत नाही. तो दिवस एखाद्या तांबड्या पट्टीत विरून गेला असेल, किंवा एखाद्या प्रवाहाच्या पोटात जळून गेला असेल. गाडी मात्र तो ओलांडून पुढे आली.

कापडे मागे पडतं. हवा दमट होते, अंगातलं स्वेटर नकोसं वाटतं. पोलादपूर जवळ आलंय. नदीच्या पात्रात उतरून एक गोटा उचला. पाण्यानं गोल केलेला, काळा, वरच्या घाटातल्या गोट्यांसारखाच. १९८५ मध्ये कीथ कॉक्स आणि ख्रिस हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वर परिसरातल्या लाव्हांचं रासायनिक पृथक्करण प्रसिद्ध केलं, तेव्हा डोळ्यांना एकसारख्या दिसणाऱ्या या चळतीत तीन वेगळे गट निघाले. खालून वर पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. तुम्ही ज्या घाटानं उतरलात त्याच्याच वाटेवरची ही नावं आज जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत आहेत. आंबेनळीचा लाव्हा खोलातून जवळजवळ निर्भेळ वर आलाय. पोलादपूरच्या लाव्हात भेसळ आहे. वर येताना तो वाटेतल्या जुन्या खडकांत अडकून राहिला, त्यांतलं थोडं वितळवून त्यानं पोटात घेतलं. स्ट्राँशिअमच्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून हे ओळखता येतं. तळहातावरच्या गोट्यात अशा खडकाचा अंश आहे, जो तुमच्या ॲपवर या परिसरात कुठेच नाही.

तो खडक बघायला डोंगराच्या पलीकडे, कोयनेकडे जावं लागेल. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपानंतर कोयनेच्या भूगर्भाचा अभ्यास थांबलेला नाही. अलीकडे तिथे दीड किलोमीटर आणि त्याहून खोल विंधनं घेतली गेली. कराडला त्यासाठी केंद्र सरकारची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. पहिल्या खोल विंधनात लाव्हाचे थर एकामागून एक ओलांडत यंत्र सुमारे ९३३ मीटरवर पोचलं आणि काळा दगड संपला. खाली ग्रॅनाइट आणि नाइस. फिकट, दाणेदार, पट्ट्यापट्ट्यांचे. वय अडीच अब्ज वर्षांहून जास्त.

विंधनातून निघालेला दगडाचा तो दंडगोल मनानं समोर ठेवा. वरचा भाग काळा, खालचा करडा-गुलाबी. सांध्यावर बोट ठेवा. घाटात तुम्ही बाराशे मीटर उतरलात तेव्हा सहाएक लाख वर्षं मागे गेलात. इथे बोटाच्या रुंदीत अब्जावधी वर्षं आहेत. किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर असंच विंधन घेतलं होतं. तिथे ३३८ मीटर लाव्हाखाली आठेक मीटर गाळाचा थर निघाला, मग तळचा जुना खडक. कोयनेत तोही नाही. पृथ्वीवर पहिले बहुपेशीय जीव झाले, मासे झाले, जंगलं झाली, डायनोसॉर झाले, आणि त्या काळातली एक मूठ वाळूही या सांध्यात नाही. इथे कधी गाळ साचलाच नाही, की साचून पुन्हा धुपून गेला, हे दंडगोल सांगत नाही.

पोलादपूरच्या स्टँडवर रेंज येते. ॲपमध्ये या जागेची नोंद करायची सोय आहे: फोटो टाका, खडक निवडा, वय निवडा. बेसाल्ट निवडा. फोटो वाड्याजवळच्या तांबड्या पट्टीचा टाका, आणि टिपणाच्या चौकटीत काकांनी सांगितलेलं पाण्याचं लिहा. पुढे कुणी इथे ॲप उघडलं तर त्या एकाच रंगावर एक नोंद तरी वाढलेली असेल. महाडची गाडी लागलीय. बसायचं तर बसा, पण महाडच्या दिशेला पोलादपूरच्याही खालचा बुशे थरगट येतो, म्हणजे आणखी मागे जाल.